सतराव्या शतकातले इंग्लंड: भांडण धर्माचे की संसदेच्या अधिकाराचे?

मीमांसक

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या स्टुअर्ट काळावर सध्या सलग वाचन चालू आहे आणि त्यातून पडलेला एक प्रश्न इथल्या जाणकारांपुढे ठेवतो आहे. आपल्याकडे हा काळ साधारण असा सांगितला जातो: राजे म्हणू लागले की आपली सत्ता ईश्वरदत्त आहे, संसद म्हणाली की आमच्या संमतीशिवाय कर बसवता येणार नाही, त्यावरून यादवी पेटली, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, पुढे १६८८ मध्ये रक्तहीन क्रांती झाली आणि संसद श्रेष्ठ ठरली. यात धर्म येतो तो तोंडी लावण्यापुरता.

माझे मत असे झाले आहे की धर्म बाजूला काढला तर या गोष्टीचा उलगडाच होत नाही. चार्ल्सने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे संसद न बोलावता राज्य केले. शिप मनीसारखा (आरमाराच्या नावाने घेतलेला) कर लोक कुरकुरत का होईना, बरीच वर्षे भरत होते आणि त्यासाठी इंग्लंडच्या कुठल्याही परगण्याने शस्त्र उचलले नाही. ही घडी विस्कटली ती २३ जुलै १६३७ रोजी, एडिनबर्गच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये. राजाने आणि आर्चबिशप लॉडने स्कॉटलंडवर लादलेला नवा प्रार्थनाग्रंथ त्या दिवशी प्रथमच वाचला जाणार होता. वाचन सुरू होताच चर्चमध्ये बसलेल्या बायकांनी आरडाओरडा केला आणि बसायची स्टुले वाचणाऱ्या धर्मगुरूच्या दिशेने भिरकावली. पहिले स्टूल जेनी गेडिस नावाच्या भाजीवालीने फेकले अशी तिकडची आख्यायिका आहे. फेब्रुवारी १६३८ मध्ये स्कॉट लोकांनी आपल्या धर्माच्या रक्षणासाठी राष्ट्रीय करारनाम्यावर सह्या केल्या, प्रकरण युद्धावर गेले, आणि युद्धासाठी पैसा नाही म्हणून राजाला एप्रिल १६४० मध्ये संसद बोलवावीच लागली.

प्रश्न असा की, धर्माची ठिणगी पडली नसती तर संसदेला ही लढाई लढता तरी आली असती का?

टांकसाळ

विषय उत्तम मांडला आहे, परंतु मला तुमची मांडणी एकांगी वाटते. तुम्हीच शेवटी लिहिले आहे की राजाकडे पैसा नव्हता म्हणून संसद बोलवावी लागली. मग मूळ दुखणे खजिन्याचे होते हे उघड आहे.

इंग्लंडच्या राजाचे नेहमीचे उत्पन्न जमीन, जकात आणि सरंजामी हक्क यांतून येत असे आणि महागाई वाढत गेली तसे ते अपुरे पडत गेले. टनेज आणि पाउंडेज ही जकात नव्या राजाला तहहयात बहाल करायची जुनी रीत होती. १६२५ मध्ये कॉमन्स सभागृहाने ती चार्ल्सला एकाच वर्षापुरती देऊ केली. राजाने ती मंजुरीशिवाय वसूल करणे चालू ठेवले, वर १६२६ मध्ये सक्तीचे कर्ज काढले आणि ते द्यायला नकार देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यांपैकी पाच सरदारांनी न्यायालयात विचारले की आम्हाला कोणत्या आरोपाखाली डांबले आहे, तेव्हा ‘राजाची आज्ञा’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. १६२८ चा पेटिशन ऑफ राइट यातून जन्माला आला: संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, कारण दाखवल्याशिवाय कैद नाही, लोकांच्या घरांत सैनिकांचा मुक्काम नाही, शांततेच्या काळात लष्करी कायदा नाही. या चारही कलमांत धर्माचा शब्द नाही.

शिप मनी लोक भरत होते हे खरे, पण ते का डाचत होते हेही पाहिले पाहिजे. युद्धाच्या धोक्याच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजे द्यायची किंवा त्याबदली पैसे द्यायचे, असा तो जुना प्रघात होता. १६३५ मध्ये चार्ल्सने तो समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या परगण्यांवर बसवला. बकिंगहॅमशरच्या जॉन हॅम्पडेनने आपल्या एका जमिनीवरचे वीस शिलिंग भरायला नकार दिला. तो सधन माणूस होता, वीस शिलिंग त्याला जड नव्हते. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले आणि पाच हॅम्पडेनच्या. राजा खटला जिंकला, पण राजाने नेमलेल्या न्यायाधीशांपैकी पाच जण उघडपणे विरोधात जातात ही गोष्ट साऱ्या देशाने पाहिली आणि त्यानंतर वसुली ढासळत गेली.

निळावंती

तुम्हा दोघांचे मुद्दे वाचताना मला २ मार्च १६२९ चा दिवस आठवला, कारण त्या दिवशी कॉमन्समध्ये जे घडले त्यात दोन्ही बाजू एकाच कागदावर सापडतात.

राजाने सभागृह तहकूब करण्याची आज्ञा धाडली होती. सभापती जॉन फिंच आज्ञेप्रमाणे उठू लागले. सभापती उठले की कामकाज संपले, असा नियम. तेव्हा डेन्झिल होलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोघा सदस्यांनी त्यांना धरून खुर्चीत दाबून बसवले. सभापती रडवेले झाले, मी राजाचाही सेवक आहे म्हणू लागले. दार आतून बंद केलेले, बाहेर राजाचा दूत दार ठोठावतो आहे, आणि आत सर जॉन एलियटने तयार केलेले तीन ठराव होलिस तोंडपाठ म्हणून दाखवतो आहे, कारण एलियटने आपला कागद तोवर जाळून टाकला होता.

पहिला ठराव: जो कोणी धर्मात नवे काही घुसवील, कॅथलिक किंवा आर्मिनियन मत पसरवील, तो राज्याचा शत्रू. दुसरा: संसदेने न दिलेली जकात वसूल करण्याचा सल्ला जो देईल तोही राज्याचा शत्रू. तिसरा: अशी जकात जो व्यापारी स्वखुशीने भरेल तो इंग्लंडच्या स्वातंत्र्याचा द्रोही. तिन्ही ठराव आरोळ्यांनी संमत झाले आणि मग दार उघडले. राजाने संसद विसर्जित केली. एलियटला लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या तुरुंगात डांबले, १६३२ मध्ये तो तिथेच मेला, आणि त्याचा देह कॉर्नवॉलला घरी नेऊ द्यावा ही मुलाची विनंतीही राजाने फेटाळली.

धर्माचा ठराव पहिला आणि जकातीचे दोन त्यामागून. त्या सभागृहातल्या माणसांना हे विषय वेगळे वाटतच नव्हते, मग आपण ते वेगळे काढावेत का, अशी मला शंका आहे.

सह्यकडा

वाचनखूण साठवली आहे. आर्मिनियन म्हणजे नेमके कोण, हे कोणी सांगेल का? आणि राजाही प्रॉटेस्टंट, संसदही प्रॉटेस्टंट, मग कॅथलिकांची इतकी भीती कशासाठी?

पैलतीर

सह्यकडा, थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंटांपैकी बहुतेक जण त्या काळी कॅल्व्हिनच्या शिकवणुकीचे होते: कोणाचा उद्धार होणार हे ईश्वराने आधीच ठरवले आहे, माणसाच्या कृतीने ते बदलत नाही. आर्मिनियस हा डच धर्मपंडित. त्याचे म्हणणे असे की ईश्वराची कृपा स्वीकारणे किंवा नाकारणे माणसाच्या हाती आहे. इंग्लंडमध्ये हे नाव लॉडच्या गटाला चिकटले, आणि लोकांच्या डोळ्यांत खुपली ती त्यांची तात्त्विक मते नव्हेत, पूजाविधीतले बदल खुपले.

मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या भागातल्या एका जुन्या चर्चमध्ये वेदीभोवतीचा लाकडी कठडा अजून आहे. लॉडच्या आधी अनेक गावांत प्रभुभोजनाचे टेबल चर्चच्या मध्यभागी आणले जाई आणि लोक त्याभोवती जमत. लॉडने हुकूम काढला की टेबल पूर्वेच्या भिंतीला वेदीसारखे लावायचे, त्यापुढे कठडा घालायचा, आणि लोकांनी कठड्याशी गुडघे टेकून प्रसाद घ्यायचा. साध्या शेतकऱ्याला यातून एवढेच दिसले की आजोबांच्या काळी हाकललेले कॅथलिक रिवाज परत येत आहेत. त्यातून राणी हेन्रिएटा मारिया ही फ्रान्सची कॅथलिक राजकन्या, आणि दरबारात तिच्यासाठी कॅथलिक प्रार्थना उघड चालत. १६०५ चा संसद उडवून देण्याचा दारूगोळ्याचा कट लोक विसरले नव्हते आणि जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध चालू होते, तिथून प्रॉटेस्टंटांच्या कत्तलींच्या बातम्या येत होत्या.

१६३७ मध्ये प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघांचे कान बिशपांविरुद्ध लिहिल्याबद्दल भर चौकात कापले. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक वैद्य. प्रिनचे कान आधीच एकदा छाटले होते, तेव्हा उरलेले खुंट कापले आणि गालांवर डाग दिले. प्रतिष्ठित माणसांना अशी शिक्षा होते हे पाहून लंडनची गर्दी बिशपांवरच उलटली.

सह्यकडा

आता चित्र स्पष्ट झाले. मनापासून आभार.

मीमांसक

पैलतीर यांच्या माहितीमुळे माझा मुद्दा पुढे नेणे सोपे झाले. टांकसाळ, करांबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला मान्य आहे, पण नोव्हेंबर १६४० मध्ये भरलेल्या दीर्घ संसदेचे पहिले वर्ष पाहा. शिप मनी बेकायदा ठरले, स्टार चेंबर हे राजाचे खास न्यायालय मोडले, दर तीन वर्षांनी संसद भरलीच पाहिजे असा कायदा झाला, राजाचा उजवा हात स्ट्रॅफर्ड १२ मे १६४१ रोजी वधस्तंभावर गेला. करांबद्दल राजाच्या बाजूने बोलणारा जवळपास कोणी उरला नव्हता. पुढे राजासाठी लढलेले एडवर्ड हाइडसारखे लोकही त्या वर्षी या सुधारणांच्या बाजूने होते. तंटा इथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण बिशपांचे काय करायचे यावर संसद दुभंगली. बिशपांची व्यवस्था ‘मुळापासून आणि फांद्यांसकट’ उपटून टाका, असा सुमारे पंधरा हजार लंडनवासीयांचा अर्ज डिसेंबर १६४० मध्येच आला होता. अनेकांना तो अतिरेक वाटला. मग ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला, त्यात मारल्या गेलेल्या प्रॉटेस्टंटांचे आकडे लंडनला पोहोचेपर्यंत अवाच्या सवा फुगले, आणि प्रश्न उभा राहिला की उठाव मोडायला जे सैन्य उभारायचे ते कोणाच्या हाती द्यायचे. राजाच्या हाती दिले तर तो ते आपल्यावरच उलटवील, असे कॉमन्समधल्या राजविरोधकांचा पुढारी जॉन पिम याच्या गटाला वाटत होते. २२ नोव्हेंबरच्या रात्री ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स, म्हणजे राजाच्या कारभारावरचा तक्रारींचा तो लांबलचक मसुदा, १५९ विरुद्ध १४८ मतांनी संमत झाला. अकरा मतांचा फरक! वर्षभरापूर्वी एकजुटीने उभे असलेले सभागृह निम्म्याने राजाकडे झुकले होते, आणि झुकलेल्यांपैकी बहुतेकांना आपले चर्च वाचवायचे होते.

टांकसाळ

मान्य, परंतु त्यानंतर सहा आठवड्यांत जे झाले ते तुम्ही गाळले. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स शेकडो सशस्त्र लोक घेऊन वेस्टमिन्स्टरला गेला आणि पिम, हॅम्पडेन, होलिस, हॅसलरिग, स्ट्रोड या पाच सदस्यांना पकडण्यासाठी स्वतः कॉमन्समध्ये शिरला. पाचही जण आधीच नदीवाटे निसटले होते. राजाने सभापती लेंथॉलला विचारले, ते कुठे आहेत? लेंथॉल गुडघे टेकून म्हणाला की या सभागृहाची आज्ञा होईल त्याखेरीज मला इथे पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. तेरा वर्षांपूर्वी निळावंती यांनी वर्णन केलेल्या फिंचने ‘मी राजाचाही सेवक’ म्हटले होते. सभापती कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर या दोन दिवसांच्या मधल्या काळात बदलले. यात धर्म कुठे आहे?

आणखी एक गोष्ट सांगतो. युद्ध चालवण्यासाठी संसदेने १६४३ पासून बिअरसारख्या रोजच्या वस्तूंवर अबकारी कर बसवला आणि परगण्यांकडून नियमित आकारणी सुरू केली. हा बोजा शिप मनीच्या कितीतरी पट होता. तरी तो वसूल झाला, कारण त्यामागे संमतीचा शिक्का होता.

गावकूस

संमती कोणाची, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. कॉमन्सला निवडून देणारे मतदार परगण्यांत चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या जमिनीचे मालक होते. शेतमजूर, नोकर आणि सगळ्या स्त्रिया बाहेरच. राजा आणि संसद यांच्या या भांडणात ज्यांची पोरे नेझबीच्या रणांगणावर पडली, त्यांचा विचार कोणी केला?

तो सैन्यातल्या शिपायांनीच केला. ऑक्टोबर १६४७ च्या अखेरीस लंडनजवळच्या पटनी गावच्या चर्चमध्ये संसदेचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या सैन्याचे अधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. कर्नल रेन्सबरो म्हणाला की इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत थोर माणसाइतकेच जगायचे आयुष्य आहे, म्हणून ज्या सरकारच्या आज्ञेखाली राहायचे त्याला त्याची स्वतःची संमती असली पाहिजे. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला की ज्याचा या देशाच्या मातीत कायमचा हितसंबंध नाही त्याला मत देता येणार नाही, नाहीतर उद्या मालमत्ताही उरणार नाही. हा वाद लघुलिपीत टिपून ठेवला गेला म्हणून आज आपल्याला वाचता येतो. १६४९ च्या वसंतात लेव्हलर, म्हणजे समान हक्क मागणाऱ्या गटाच्या, पुढाऱ्यांना टॉवरमध्ये टाकले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी शेकडो स्त्रिया अर्ज घेऊन संसदेच्या दारात गेल्या. त्यांना घरी जाऊन भांडी घासायला सांगण्यात आले.

संसद जिंकली तेव्हा ही माणसे हरली. धाग्याच्या शीर्षकातल्या दोन पर्यायांत ती बसत नाहीत, म्हणून हे लिहावेसे वाटले.

अरुणिमा

गावकूस, उत्तम प्रतिसाद. त्यात एवढीच भर घालते की रेन्सबरोच्या तोंडी जी समता आहे तिचे मूळही धर्मात होते. प्रत्येक जीवाचा ईश्वराशी थेट संबंध असेल, मधे बिशप नको असेल, तर मधे जमीनदार तरी का हवा, अशी ती विचारांची वाट आहे. पहिल्या जेम्सने १६०४ मध्येच ही वाट ओळखली होती. ‘बिशप नाही तर राजा नाही’ असे तो हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत म्हणाला होता.

सनदवाचक

राजाच्या खटल्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही. जानेवारी १६४९ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चार्ल्सला उभे केले तेव्हा त्याने आरोपांना उत्तर दिलेच नाही. तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिला: तुम्ही कोणत्या कायदेशीर अधिकाराने मला इथे आणले आहे? मी वकिली करतो आणि माझ्या मते कायद्याच्या दृष्टीने त्याचा प्रश्न बिनतोड होता. ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल प्राइडने सैनिक घेऊन कॉमन्सच्या दारात उभे राहून राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या सदस्यांना आत जाऊच दिले नव्हते. उरलेल्या मूठभरांनी न्यायालय नेमले. लॉर्ड्स सभागृहाने संमती नाकारली, तर लॉर्ड्सना वगळून पुढे गेले. १३५ जणांची नेमणूक झाली आणि मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर ५९ सह्या पडल्या.

३० जानेवारीला कडाक्याची थंडी होती. कुडकुडलो तर लोक म्हणतील राजा भ्याला, म्हणून त्याने अंगात दोन सदरे चढवले आणि व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाऊसबाहेर उभारलेल्या मंचावर तो गेला. जनतेचे स्वातंत्र्य मलाही हवे आहे, पण ते कायद्याच्या राज्यात आहे, राज्यकारभारात वाटा असण्यात नाही, असे तो तिथे बोलला. माणूस आपल्या मताशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहिला, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता येत नाही.

जी संसद राजापासून वाचवायची म्हणून युद्ध झाले, ती सैन्याने आधी छाटली आणि २० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने बंदूकधारी शिपाई बोलावून पुरती बाहेर काढली. चार्ल्सने १६४२ मध्ये जे करायचा प्रयत्न केला ते क्रॉमवेलला साधले.

पैलतीर

क्रॉमवेलबद्दल एवढे मात्र म्हणेन की इंग्लंडमध्ये त्याच्याइतकी धार्मिक मोकळीक आधीच्या कोणत्याही राज्यकर्त्याने दिली नव्हती. १२९० मध्ये हाकललेल्या ज्यू लोकांना १६५६ पासून लंडनमध्ये उघडपणे राहता आले ते त्याच्यामुळे.

निळावंती

इंग्लंडमध्ये, हा शब्द महत्त्वाचा आहे. सप्टेंबर १६४९ मध्ये ड्रोएडा शहर घेतल्यावर त्याच्या सैन्याने शरण आलेल्यांची आणि कॅथलिक धर्मगुरूंची जी कत्तल केली, ती त्याने स्वतः ईश्वराचा न्याय म्हणून संसदेला कळवली. पुढे कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी काढून घेऊन त्यांना शॅनन नदीपलीकडच्या कॉनाक्टमध्ये ढकलले. त्या मोकळिकीची किंमत कोणी मोजली हे विसरून तिचे कौतुक करता येत नाही.

अरुणिमा

मूळ प्रश्नाकडे वळते, कारण १६६० नंतरचा काळ मला सगळ्यांत विचारात पाडतो. संसद म्हणजे स्वातंत्र्य आणि राजा म्हणजे जुलूम, हे समीकरण तिथे सरळ उलटे पडते.

शिरच्छेद झालेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर परत आला तो ब्रेडाच्या जाहीरनाम्यात सदसद्विवेकाला मोकळीक देण्याचे वचन देऊन. ते मोडले संसदेने. राजनिष्ठांचा भरणा असलेल्या कॅव्हेलिअर संसदेने १६६२ चा एकरूपतेचा कायदा केला आणि त्यापायी सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांची घरेदारे आणि उपजीविका गेली. १६६४ मध्ये चर्चबाहेर पाचांहून अधिक लोकांनी प्रार्थनेला जमणे गुन्हा ठरले. १६६५ मध्ये हकाललेल्या उपदेशकांना आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत फिरकायला बंदी झाली. जॉन बन्यन हा तांबटाचा धंदा करणारा उपदेशक बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे होता. तो १६७२ मध्ये सुटला तो राजाने आपल्या अधिकारात काढलेल्या सवलतीच्या जाहीरनाम्यामुळे. संसदेने वर्षभरात राजाला ते मागे घ्यायला लावले आणि कॅथलिकांना सरकारी पदांतून हुसकावणारा टेस्ट ॲक्ट केला. त्याच्यामागून गादीवर आलेला त्याचा कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स याने १६८७ मध्ये कॅथलिक आणि इतर सर्व पंथांना पूर्ण सवलत दिली. त्याला पुढच्याच वर्षी देश सोडावा लागला.

मग सांगा, सहिष्णुता कोणाकडे होती? आणि ज्यांना सवलत मिळाली त्या बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन लोकांपैकी इतके जण जेम्सच्या मागे का उभे राहिले नाहीत?

टांकसाळ

अरुणिमा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच या धाग्याचे मर्म आहे असे मला वाटते.

जेम्सने कायदा बदलला नव्हता. संसदेचा कायदा जागच्या जागी ठेवून, राजाला तो स्थगित करता येतो असा दावा त्याने केला होता. १६८६ मध्ये सर एडवर्ड हेल्स या कॅथलिक अधिकाऱ्याच्या खटल्यात त्याने आधी विरोधी न्यायाधीश बदलले, मग बारांपैकी अकरा जणांनी निर्णय दिला की राजाला एखाद्या व्यक्तीला कायद्यातून सूट देता येते. जो राजा आज तुमच्या हिताचा कायदा स्थगित करतो तो उद्या तुमच्या रक्षणाचा कायदाही स्थगित करील. हे सांगायला पुस्तकी पंडित लागत नव्हते, कारण ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा हुकूमनामा रद्द केला होता. फ्रान्सच्या प्रॉटेस्टंटांना सुमारे सत्याऐंशी वर्षे मिळालेले संरक्षण राजाच्या एका सहीने गेले, आणि ते निर्वासित विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये येऊन माग लावून बसले होते. लंडनकर त्यांना रोज पाहत होते.

मीमांसक

टांकसाळ, हा तुमचा आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे, आणि त्यात धर्म व कायदा यांची गाठ तुम्हीच मारली आहे.

सात बिशपांचा खटला इथे सांगितला पाहिजे. जेम्सने सवलतीचा जाहीरनामा प्रत्येक चर्चमधून वाचून दाखवण्याची आज्ञा मे १६८८ मध्ये काढली. आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट आणि सहा बिशपांनी अर्ज केला की ज्या अधिकारावर हा जाहीरनामा उभा आहे तो संसदेने वारंवार बेकायदा ठरवलेला आहे, म्हणून तो वाचणे आमच्या मनाला पटत नाही. राजाने त्यांच्यावर बदनामीकारक लेखनाचा खटला भरला आणि त्यांना टॉवरमध्ये पाठवले. नावेतून नेताना काठावरचे लोक गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद मागत होते. ज्या बिशपांविरुद्ध १६४० मध्ये लंडनने अर्ज केला होता, त्याच पदावरच्या माणसांसाठी लंडन रडत होते! ३० जून रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, तेव्हा हाउन्स्लो हीथवरच्या राजाच्या स्वतःच्या छावणीतून जयघोष ऐकू आला. त्याच दिवशी सात प्रमुख व्यक्तींनी जेम्सचा डच जावई, ऑरेंजचा विल्यम, याला या म्हणून पत्र लिहिले.

सह्यकडा

त्याच महिन्यात जेम्सला मुलगा झाला आणि तो राणीचा नसून बिछाना गरम करायच्या भांड्यातून लपवून आणला, अशी अफवा उठली होती ना? शाळेत असताना हे ऐकून आम्ही वर्गभर हसलो होतो. त्या भांड्यात तान्हे मूल मावते तरी का, यावर आमची मधल्या सुट्टीत चर्चा झाली होती.

मीमांसक

होय, १० जून १६८८. अफवा हास्यास्पद होती, पण कॅथलिक वारस जन्माला आला म्हणजे आता वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्यातून सर्वांना कळून चुकले. तोवर गादी जेम्सची प्रॉटेस्टंट मुलगी मेरी हिच्याकडे जाणार होती.

बंदरकाठ

आपल्या मुंबईचा या भांडणाशी प्रत्यक्ष संबंध आहे, म्हणून लिहितो. दुसऱ्या चार्ल्सला १६६१ च्या करारानुसार पोर्तुगालच्या कॅथरिनशी झालेल्या लग्नात मुंबई बेट मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. कंपनीची व्यापाराची मक्तेदारी राजाच्या सनदेवर उभी होती, संसदेच्या कायद्यावर नव्हती. डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईच्या फौजेचा कप्तान रिचर्ड केगविन याने पगार आणि शिबंदी कापल्याच्या रागातून कंपनीच्या डेप्युटी गव्हर्नराला कैद केले आणि बेटाचा कारभार राजाच्या नावाने चालवतो आहे असे जाहीर केले. जवळपास वर्षभर त्याने मुंबई चालवली, छत्रपती संभाजी महाराजांशी वाटाघाटी करून तह केला, आणि नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर बेट सोडले.

त्याच सुमारास लंडनमध्ये कंपनीने थॉमस सँड्स या व्यापाऱ्यावर मक्तेदारी मोडल्याबद्दल खटला भरला होता. मुख्य न्यायाधीश जेफ्रीज यांनी निर्णय दिला की परदेशी व्यापार कोणी करायचा हे ठरवणे राजाच्या विशेषाधिकारात येते. क्रांतीनंतर, १६९४ मध्ये, कॉमन्सने ठराव केला की संसदेने मनाई केलेली नसेल तर इंग्लंडच्या सर्व प्रजाजनांना पूर्वेकडे व्यापार करण्याचा सारखाच हक्क आहे. मीमांसकांच्या प्रश्नाला इथल्यापुरते उत्तर द्यायचे तर, समुद्रापलीकडे हे भांडण धर्माचे नव्हते, सनद कोणाची चालते याचे होते.

सनदवाचक

बंदरकाठ, ही जोड फार मोलाची आहे. एक धागा आमच्या क्षेत्रातलाही: १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये, म्हणजे क्रांतीनंतर झालेल्या हक्कांच्या कायद्यात, संसदेतल्या भाषणाबद्दल कोणत्याही न्यायालयात जाब विचारता येणार नाही असे कलम आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ मध्ये हेच तत्त्व आहे, आणि संसदेच्या विशेषाधिकारांसाठी त्या अनुच्छेदात ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचा नावाने उल्लेख होता. तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढला गेला. एलियट टॉवरमध्ये मेला तो याच हक्कापायी.

निळावंती

‘रक्तहीन क्रांती’ या नावाबद्दल माझी हरकत नोंदवते. स्कॉटलंडमध्ये १६८९ ला किलिक्रँकीची लढाई झाली आणि फेब्रुवारी १६९२ मध्ये ग्लेन्कोला पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी मॅक्डॉनल्ड कुळातल्या यजमानांनाच कापून काढले. आयर्लंडमध्ये १६९० ला बॉइनच्या काठी दोन राजांची सैन्ये भिडली आणि त्यानंतर कॅथलिकांविरुद्ध कायद्यांची जी मालिका सुरू झाली ती शतकभर चालली. रक्त फक्त इंग्लंडमध्ये कमी सांडले.

मीमांसक

पूर्ण सहमत. आणि आता बिल ऑफ राइट्सकडेच पाहा. कायदा स्थगित करण्याचा राजाचा अधिकार, संमतीशिवाय कर, संमतीशिवाय शांततेच्या काळात खडे सैन्य, हे सगळे त्यात निषिद्ध ठरले. त्याच दस्तऐवजात असेही आहे की कॅथलिक व्यक्तीला किंवा कॅथलिकाशी लग्न करणाऱ्याला गादीवर बसता येणार नाही. लग्नाची अट जायला २०१३ चा कायदा यावा लागला. राजा स्वतः कॅथलिक असू नये ही अट आजही आहे. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्याने प्रॉटेस्टंट पंथांना प्रार्थनेची मोकळीक दिली, कॅथलिकांना दिली नाही. टेस्ट आणि कॉर्पोरेशन कायदे १८२८ पर्यंत आणि कॅथलिकांवरची संसदेची बंदी १८२९ पर्यंत राहिली. १७०१ च्या वारसा कायद्याने तर रक्ताच्या नात्याने जवळचे असलेले पन्नासहून अधिक कॅथलिक वारस ओलांडून हॅनोव्हरच्या सोफियाला गादी देऊ केली. राजा कोण हे संसद ठरवते, हे तत्त्व ज्या क्षणी सिद्ध झाले त्या क्षणी ते धर्मासाठीच वापरले गेले. म्हणून माझे मत अजून धर्माकडेच झुकते.

टांकसाळ

कारण धर्माचे असेल, हे मी आता तुमच्याशी फार ताणणार नाही. परंतु तो विजय टिकला कशाने, याचे उत्तर मी पुन्हा पैशातच देईन. पेटिशन ऑफ राइटवर चार्ल्सनेही संमती दिली होती आणि वर्षभरात ती गुंडाळून ठेवली होती. बिल ऑफ राइट्सही तसेच कपाटात गेले असते.

१६८९ मध्ये कॉमन्सने जुनी चूक टाळली. जेम्सला तहहयात भरघोस उत्पन्न मंजूर केले गेले होते, म्हणून त्याला संसदेची गरज उरली नव्हती. विल्यम आणि मेरीला संसदेने जकात थोड्याथोड्या वर्षांपुरतीच दिली. सैन्याची शिस्त ज्या म्यूटिनी ॲक्टवर चालायची त्याची मुदत जेमतेम वर्षाची ठेवली. संसदेने तो पुन्हा केला नाही तर पळून गेलेल्या शिपायाला लष्करी न्यायालयात शिक्षा देण्याचा अधिकारच राजाकडे उरत नव्हता. त्यात फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, खर्च वाढला, कर्ज काढावे लागले, आणि १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन करून बारा लाख पौंड उभे केले गेले ते संसदेने बसवलेल्या जकातींच्या भरवशावर. सावकारांनी राजाच्या शब्दावर नव्हे, संसदेच्या कायद्यावर पैसे दिले. तेव्हापासून संसद न बोलावता वर्ष काढणे कोणत्याही राजाला परवडले नाही, आणि १६८९ नंतर संसद भरली नाही असे एकही वर्ष गेलेले नाही.